आले ऑपी

ह्यूबर्ट ऑपरमन वारला तेव्हा तो सायकल चालवत होता. तारीख 18 एप्रिल 1996, शहर मेलबर्न, वय 91. ब्याण्णवावा वाढदिवस सहा आठवड्यांवर आला होता. सायकल व्यायामाची होती, जागच्या जागी फिरणारी. रस्त्यावरची सायकल त्याने नव्वदीला आल्यावर सोडली, आणि तीही रहदारीत काहीतरी होईल या बायकोच्या धास्तीपायी.

असा मृत्यू लिहिणाऱ्याला फार सोयीचा. आयुष्यभर पेडल मारणारा माणूस पेडलवरच गेला म्हटलं की लेखाचा शेवट आयता मिळतो. मला मात्र त्याच्या आयुष्याच्या मधल्या एका तुकड्याबद्दल लिहायचं आहे. त्याकडे सायकलवाले सहसा बघत नाहीत. सायकलवाल्यांसाठी तो ‘ऑपी’, ट्रॅकवर आणि रस्त्यावर दोन्हीकडे गाजलेला, लांब पल्ल्याचा राजा. इतिहासवाल्यांसाठी तो डिसेंबर 1963 ते डिसेंबर 1966 या काळातला ऑस्ट्रेलियाचा इमिग्रेशन मंत्री. ही दोन माणसं एकच आहेत हे कळल्यापासून ती माझ्या डोक्यात एकमेकांशी वाद घालत असतात.

आधी सायकलवाला ऑपी, कारण माझी ओळख त्याच्याशी झाली.

मी पुण्यात राहते आणि गेली काही वर्षं ब्रेव्हे करते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पुरं करायचं. शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर नसतो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. वाटेत कंट्रोल असतात, तिथे वेळेत पोचून कार्डावर नोंद करायची. मदतीला गाडी नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं, झोप मिळेल तिथे घ्यायची. पुण्याहून कोल्हापूर, निपाणी ओलांडून संकेश्वरच्या आसपास जाऊन परत फिरलं की सहाशे होतात. उन्हाचा त्रास होतो, खंबाटकीचा घाट होतो, ते सगळं ठीक. खरी परीक्षा पहाटे. रस्ता सरळ, समोरून ट्रकचे दिवे, डोळे उघडे आणि डोकं बंद. अशा वेळी एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर फोनचा गजर लावून वीस मिनिटं आडवं व्हायचं, आणि उठल्यावर आपण कुठल्या दिशेने आलो ते आधी आठवायचं.

या सगळ्याची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. पॅरिसहून पश्चिमेला अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्टपर्यंत आणि परत, साधारण 1200 किलोमीटर, मुदत 90 तास. दर चार वर्षांनी होते आणि हल्ली महाराष्ट्रातूनही बरेच जण जातात. आज ती हौशी लोकांची वारी असली तरी सुरुवातीला ती व्यावसायिकांची शर्यत होती आणि दहा वर्षांतून एकदा भरायची. तिच्या जुन्या विजेत्यांची यादी वाचताना 1931 सालासमोर एक ऑस्ट्रेलियन नाव दिसलं. ह्यूबर्ट ऑपरमन, 49 तास 23 मिनिटं.

ज्याने चाळीस तासांत सहाशे केलेत त्यालाच हा आकडा नीट कळतो. 1166 किलोमीटर, वारा आणि पाऊस, आजच्यासारखे गिअर नाहीत. त्या काळच्या शर्यतींत चढ आला की उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या दातांवर चेन चढवून पुढे निघायचं. दोन रात्री अशा काढून त्याने शेवटी पॅरिसच्या ट्रॅकवर आत शिरून स्प्रिंट मारली आणि जिंकला. मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

*

ऑपरमन 1904 साली व्हिक्टोरिया राज्यातल्या रॉचेस्टर गावी जन्मला. पोरवयात तो पोस्टाच्या तारा सायकलवरून घरोघर पोचवायचा. सतराव्या वर्षी एका शर्यतीत तिसरा आला आणि त्याला बक्षीस म्हणून ‘मॅल्व्हर्न स्टार’ कंपनीची सायकल मिळाली. कंपनी मेलबर्नच्या मॅल्व्हर्न भागातल्या एका लहानशा दुकानातून चालायची. मालक ब्रूस स्मॉल याने मुलाला हेरलं आणि आपल्याकडे घेतलं. पुढची वीस वर्षं ही जोडी टिकली. ऑपी विक्रम करायचा आणि स्मॉल त्या विक्रमांवर सायकली विकायचा. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. व्यावसायिक सायकलपटू हा त्या काळी एका अर्थाने चालती-फिरती जाहिरातच असे. बक्षिसाची रक्कम आज असते, उद्या नसते, घर चालतं ते सायकल बनवणाऱ्याच्या पगारावर.

1924, 1926, 1927 आणि 1929 या चार वर्षी तो ऑस्ट्रेलियाचा रोड चॅम्पियन होता. पण त्याचं नाव झालं ते 1928 साली, फ्रान्समध्ये. त्या वर्षी टूर द फ्रान्समध्ये चार जणांचा एक संघ उतरला: तीन ऑस्ट्रेलियन आणि हॅरी वॉटसन हा न्यूझीलंडचा. समोरचे संघ दहा-दहा जणांचे. त्या वर्षीच्या बऱ्याच टप्प्यांत प्रत्येक संघाला वेगवेगळं सोडायचे, म्हणजे वारा कापायला आपलेच साथीदार. दहा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला पुढे राहायची पाळी उशिरा येते, चौघांत लगेच येते. त्यातला एक मध्येच गळाला. एकूण 162 जण निघाले होते, पॅरिसला 41 पोचले. ऑपरमन अठरावा आला. या कोष्टकात अठरावा म्हणजे काय हे फ्रेंच लोकांना बरोबर कळलं.

त्याच वर्षी पॅरिसजवळच्या ब्युफालो व्हेलोड्रोमवर ‘बोल दोर’ नावाची चोवीस तासांची ट्रॅक शर्यत झाली. ट्रॅकवर गोल गोल फिरत राहायचं, चोवीस तासांत ज्याचं अंतर जास्त तो पहिला. प्रत्येक स्पर्धकाच्या पुढे वारा अडवायला दोघांनी चालवायची टँडम सायकल. शर्यत सुरू झाली आणि थोड्या वेळात ऑपरमनची चेन तुटली. दुसरी सायकल घेतली, तिचीही तुटली. नंतर पाहिलं तर दोन्ही चेन कुणीतरी कानशीने घासून पातळ करून ठेवल्या होत्या. तिसरी सायकल नव्हती. होती ती त्याच्या दुभाष्याची, रोजच्या वापरातली जड सायकल, मडगार्डवाली, वर वळलेल्या हँडलची. तिच्यावर बसून तो चालवत राहिला, तोवर माणसं चेन शोधायला धावली. आपली सायकल परत मिळाली तेव्हा तो पुढच्यापेक्षा सतरा फेऱ्यांनी मागे पडला होता.

त्यानंतर तो सतरा तास सायकलवरून उतरला नाही. लघवीलाही नाही. तेही त्याने चालत्या सायकलवरच उरकलं आणि प्रेक्षकांनी त्यालाही दाद दिली असं सांगतात. सुमारे साडेनऊशे किलोमीटर झाले तेव्हा शर्यत त्याच्या खिशात होती. मग त्याच्या माणसांनी त्याला उतरू दिलं नाही. हजार किलोमीटरचा विक्रम जवळ आहे, तोही उरकून टाक म्हणाले. तो नको म्हणत असताना त्याला पुढे ढकललं. आणखी एक तास एकोणीस मिनिटं तो एकटा फिरत राहिला आणि तो विक्रमही केला.

प्रेक्षक ओरडत होते, ‘आले ऑपी, आले ऑपी!’ फ्रेंचमध्ये ‘आले’ म्हणजे ‘चल, पुढे हो’. मराठी कानाला मात्र ते ‘ऑपी आले’ असं ऐकू येतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, पण विचार केला तर दोन्ही अर्थ खरे होते. भाषा येत नसलेला, जगाच्या दुसऱ्या टोकाकडून बोटीने आलेला एक लहानखुरा माणूस पॅरिसकरांनी आपला म्हणून आत घेतला होता. ‘लॉतो’ या क्रीडा दैनिकाने वाचकांचा कौल घेतला, तेव्हा त्यांनी 1928 सालचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू म्हणून त्याला निवडलं. त्याच्या मागे होता आँरी कोशे, फ्रान्सचा स्वतःचा टेनिस चॅम्पियन.

पुढचं वेगाने सांगते, कारण विक्रमांची यादी वाचायला कंटाळवाणी असते. 1931 साली टूरमध्ये बारावा आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये पहिला. 1934 साली ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स, दोन दिवस, नऊ तास, एक मिनिट. 1937 साली ऑस्ट्रेलिया आडवा पार केला: फ्रीमँटल ते सिडनी, साडेचार हजारांहून जास्त किलोमीटर, तेरा दिवस, दहा तास, अकरा मिनिटं. मधल्या वैराण भागात डांबरी रस्ता नव्हता. वाळू आली की सायकल खांद्यावर घेऊन चालायचं. 1940 साली सिडनीच्या ट्रॅकवर चोवीस तासांत त्याने अंतरांच्या विक्रमांची रांगच लावली. मग तो हवाई दलात गेला. युद्ध संपलं तेव्हा तो 41 वर्षांचा होता.

इथपर्यंतचा माणूस मला पूर्ण कळतो, म्हणजे निदान त्याची जातकुळी कळते. लांब पल्ल्याच्या सायकलिंगला वेगापेक्षा वेगळी एक गोष्ट लागते. आपण तिला चिकाटी म्हणतो, पण चिकाटी म्हटलं की दातओठ खाणं डोळ्यांपुढे येतं. हे तसं नसतं. मिळेल त्या सायकलवर बसून राहणं, सतरा फेऱ्यांचा हिशेब एकदम न करता एकेक फेरी भरून काढणं, घाई न करणं, असं ते असतं. जो घाई करतो तो साताऱ्यापर्यंत पुढे असतो आणि कराडला रस्त्याच्या कडेला बसलेला दिसतो. वेळ आपल्या बाजूने आहे असं मानून चालावं लागतं.

*

माझे मोठे मामा मेलबर्नला असतात. सांगलीचे, वालचंदमधून इंजिनिअर झालेले, 1967 साली ऑस्ट्रेलियाला गेलेले. ते आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. फोनवर माझ्या सायकलचं त्यांना कौतुक असतं, काळजीही असते. एकदा पॅरिस-ब्रेस्टचं सांगताना मी म्हटलं, “मामा, तुमच्या मेलबर्नचा एक जण होता, ऑपरमन म्हणून. 1931 साली जिंकला होता.”

“ऑपरमन?” मामा म्हणाले. “अगं, तो इमिग्रेशनचा मंत्री. त्याच्यामुळे तर आम्ही आलो.”

मला वाटलं, नावात गोंधळ होतोय. मामांना वाटलं, माझा होतोय. नंतर दोघांनीही आपापल्या बाजूने पाहिलं आणि माणूस एकच निघाला. मामांना तो सायकल चालवायचा हे ऐकीव माहीत होतं, पण साहेब लोक रविवारी गोल्फ खेळतात तसं काहीतरी असेल अशी त्यांची समजूत होती. कानशीने घासलेल्या चेनची गोष्ट मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

‘त्याच्यामुळे आम्ही आलो’ याचा अर्थ समजायला थोडं मागे जावं लागतं. ऑस्ट्रेलिया संघराज्य झालं ते 1901 साली, आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, शुद्धलेखनाची परीक्षा होती. अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा घ्यायचा. नको असलेल्या माणसाला येत नसलेली भाषा काढायची, की तो नापास. आपण तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होतो, पण त्याने काही फरक पडला नाही. ही परीक्षा 1958 साली गेली, धोरण राहिलं. ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ हे त्याचं बोलीतलं नाव. परवान्यावर राहणाऱ्या बिगर-युरोपीय माणसाला नागरिकत्व मागायचं तर पंधरा वर्षं तिथे काढावी लागत.

ऑपरमन 1949 साली जीलाँग शहराच्या भागातल्या कोरायो मतदारसंघातून निवडून आला, तोही मजूर पक्षाच्या जॉन डेडमन या मंत्र्याला हरवून. लिबरल पक्षाचा निष्ठावान खासदार, मग प्रतोद, मग जहाज आणि वाहतूक खात्याचा मंत्री आणि शेवटी इमिग्रेशनचा. खात्याचे सचिव होते पीटर हेडन. ते 1955 ते 1959 या काळात दिल्लीत ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त होते. शिकलेल्या आशियाई माणसाला दारातून परत पाठवल्याने नवस्वतंत्र देशांत आपलं काय नाव होतं ते त्यांना ठाऊक होतं. दोघांनी मिळून 1964 साली मंत्रिमंडळापुढे प्रस्ताव ठेवला की ही पंधरा वर्षं कमी करा, लायक माणसांना येऊ द्या. पंतप्रधान मेन्झीस यांच्या मंत्रिमंडळाने तो फेटाळला.

ऑपरमनने राजीनामा दिला नाही, भाषणंही केली नाहीत. तो थांबला. जानेवारी 1966 मध्ये मेन्झीस निवृत्त झाले आणि हॅरल्ड होल्ट पंतप्रधान झाले. खात्याने प्रस्ताव पुन्हा पुढे सरकवला. 9 मार्च 1966 रोजी ऑपरमनने संसदेत घोषणा केली की पंधरा वर्षांची अट आता पाच वर्षांवर येईल, आणि उपयोगी शिक्षण असलेल्या, इथल्या समाजात सहज मिसळतील अशा बिगर-युरोपीय लोकांच्या अर्जांचा विचार होईल. त्याच भाषणात देशाची लोकसंख्या एकजिनसी राखण्याचं मूळ धोरण कायम आहे, हेही सांगितलं. म्हणजे दार उघडलं, पण साखळी लावून. साखळी पुरती निघाली ती 1973 साली, व्हिटलम यांच्या मजूर सरकारने वर्णाचा निकष काढून टाकला तेव्हा.

मामा त्या फटीतून आत गेले. पाच वर्षांनी, 1972 साली, नागरिक झाले. त्या पाच वर्षांत ते भारतात आले नाहीत. विमानाचं भाडं परवडणारं नव्हतं, आणि पैसे साठायला लागले तेव्हा ते इकडे मनीऑर्डरला लागत. आईचं लग्न त्यांनी फोटोत पाहिलं. आई म्हणते, फोटो पाठवला त्याचं उत्तर यायला महिना लागला आणि त्यात त्यांनी जेवणात काय काय होतं ते विचारलं होतं. मामा स्वतः मात्र या काळाबद्दल तक्रारीचा शब्द काढत नाहीत. “आमच्या आधी आलेल्यांना पंधरा वर्षं होती,” म्हणतात. “आमचं बरंच बरं.”

*

गोष्ट इथेच संपली असती तर मला सोपं होतं. सायकलवरचा धीर संसदेत कामाला आला, सतरा फेऱ्या मागे पडलेला माणूस शेवटी जिंकला, आणि त्याचं फळ माझ्याच घरात येऊन पडलं. असा लेख लिहून मोकळी झाले असते. पण 1964 आणि 1966 च्या मध्ये 1965 साल येतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सिडनीहून एका पाच वर्षांच्या मुलीला देशाबाहेर पाठवलं गेलं. मुलगी फिजीतल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातली होती आणि सिडनीत नातेवाइकांकडे राहत होती. तिच्याकडे राहण्याचा परवाना नव्हता. वर्तमानपत्रांनी विषय उचलला. तिला नेण्याच्या दिवशी चार्ल्स पर्किन्स हा विमानतळावर गेला. आदिवासींच्या हक्कांसाठी त्याच वर्षी न्यू साउथ वेल्समध्ये बसयात्रा काढून गाजलेला हा विद्यार्थी नेता. त्याने मुलीला गाडीत घालून तिथून पळवलं. उद्देश लपवण्याचा नव्हता, लोकांनी बघावं एवढाच होता. दुसऱ्या दिवशी मुलगी विमानात बसली आणि गेली. मंत्री होता ऑपरमन. निर्णय त्याच्या खात्याचा होता, तो त्याने संसदेत आणि बाहेर उचलून धरला, मागे घेतला नाही.

आता यातली अडचण बघा. नियम चुकीचा आहे हे ऑपरमनला कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. वर्षभर आधी तो बदलायचा प्रस्ताव त्यानेच नेला होता. सात महिन्यांनी तो बदल त्यानेच जाहीर केला. मधल्या काळात नियम नियम होता, आणि तो त्याने पाळला. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतील की एका मुलीसाठी अपवाद केला असता तर पक्षातले जुने लोक बिथरले असते आणि 1966 चा मोठा बदल अडला असता. तसं झालंही असतं. राजकारणात हळू जाणाऱ्यालाच पोचता येतं, हे सायकलवाल्याला शिकवावं लागत नाही. सातारा आणि कराडचा हिशेब मीच वर लिहिला आहे.

पण तो हिशेब इथे लागू होत नाही, आणि का होत नाही हे मला सायकलवरच कळलं. ट्रॅकवर सतरा तास न उतरणाऱ्या माणसाने ते तास आपल्या अंगावर काढले. पाठ त्याची, मांड्या त्याच्या, झोप त्याची. लांब पल्ल्याचा माणूस धीर धरतो तेव्हा त्या धीराची किंमत तो स्वतः देतो, म्हणून त्या धीराला मान आहे. मंत्र्याच्या हातातला वेळ त्याचा नसतो. मंत्री दोन वर्षं थांबला की ती दोन वर्षं दुसऱ्याच कुणाच्या आयुष्यातून जातात: पंधरा वर्षं पुरी व्हायला दोन उरलेल्या एखाद्या स्वयंपाक्याच्या, परवान्यावरच्या विद्यार्थ्याच्या, पाच वर्षांच्या मुलीच्या. बाहेरून दोन्ही धीर सारखेच दिसतात, तीच शांत मुद्रा, तीच घाई न करण्याची सवय. पण एकात माणूस स्वतः सायकलवर असतो आणि दुसऱ्यात तो हातात घड्याळ घेऊन कडेला उभा असतो.

हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “खरं आहे तुझं. पण तो घड्याळ घेऊन उभा राहिला नसता तर दुसरा कुणीतरी राहिला असता आणि त्याने पंधराच मोजली असती.” यावर माझ्याकडे उत्तर नाही. मामांचं सगळं घर, मुलं, नातवंडं, तिथल्या गणपतीत त्यांनी इतकी वर्षं बसवलेली आरतीची पेटी, हे सगळं त्या फरकावर उभं आहे. दहा वर्षांचा फरक. दहा वर्षं म्हणजे 1967 साली गेलेल्या माणसाला 1972 ऐवजी 1982. इतकं थांबायला मामा गेलेच नसते, तसं ते स्वतःच सांगतात.

त्यामुळे मी ऑपरमनला यातल्या कुठल्याच एका रकान्यात टाकत नाही. मामांचं त्याच्यावरचं ऋण मला मान्य आहे. ती मुलगी पुढे काही वर्षांनी ऑस्ट्रेलियात परत आली, पण तिची गेलेली वर्षं कुणाच्याच खात्यात जमा झाली नाहीत, हेही मान्य आहे. एकाने दुसरं फिटत नाही.

*

1967 साली ऑपरमनने संसद सोडली आणि माल्टाला उच्चायुक्त म्हणून गेला. लहान बेट, जिथून हजारो लोक युद्धानंतर ऑस्ट्रेलियाला गेले होते. तिथे तो 1972 पर्यंत राहिला. 1968 साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. परत आल्यावर त्याने आत्मचरित्र लिहिलं, ते 1977 साली निघालं. त्याच्या नावात पेडल, राजकारण आणि माणसं हे तीन शब्द आहेत, त्याच क्रमाने. सायकल चालूच होती. 1991 साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला शंभर वर्षं झाली तेव्हा पॅरिस शहराने त्याला सुवर्णपदक दिलं. रॉचेस्टर गावात त्याचा सायकलवरचा पुतळा आहे. ऑस्ट्रेलियातले ब्रेव्हेवाले दर वर्षी त्याच्या नावाने चोवीस तासांची एक सांघिक राइड करतात. मामांच्या नातवाला मी तिच्याबद्दल सांगून ठेवलं आहे. तो म्हणतो, आधी मला रात्री जागता यायला हवं.

पुढची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस 2027 साली आहे. जायचं तर त्याच वर्षी दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे अशा चारही ब्रेव्हे वेळेत पुऱ्या कराव्या लागतात. ते मला जमेल असं वाटतं. त्याशिवाय व्हिसा लागतो. गेल्या वेळी गेलेल्या मैत्रिणीने फाइल दाखवली: तीन वर्षांचे इन्कम टॅक्सचे कागद, बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट, नोकरीच्या ठिकाणाहून रजेचं पत्र, परतीचं तिकीट, आणि मी परत येईनच हे पटवून देणारा एक अर्ज. तिचा पासपोर्ट निघायच्या चार दिवस आधी हातात आला. तोवर तिने सायकल खोक्यात भरून ठेवली होती आणि रोज सकाळी व्यायामाच्या सायकलवर सराव करत होती.

मीही कागद जमवायला घेतले आहेत. ब्रेस्टपर्यंत जायला आणि परत यायला माझ्याकडे 90 तास असतील, आणि त्यांतला प्रत्येक तास माझा असेल. पहाटे तीनला कुठल्या पायरीवर आडवं व्हायचं आणि किती मिनिटांनी उठायचं ते मी ठरवीन. त्याआधीचे दिवस मात्र कुणाच्या तरी टेबलावर असतील. त्या टेबलामागचा माणूस चांगलाही असेल, नियम बदलायला हवा असं त्याला मनातून वाटतही असेल. तोवर तो कागद उलटेल, आणि मी थांबेन.